कानावरचे काम: डिचोली तालुक्यातल्या एका आउटसोर्सिंग युनिटचे प्रकरण

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात, कपड्यांच्या दुकानाच्या माडीवर, २००४ पासून एक युनिट चालते. खाली साड्यांचा ढीग, वर अमेरिकेतल्या रोग्यांचे कागद. या युनिटने २०१३ ते २०१५ या काळात आपला धंदा बदलला. तो कसा बदलला, कुठे चुकला आणि कुणामुळे सावरला, हे मी इथे लिहीत आहे. गाव, माणसे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र होता तसाच आहे.

मी वाणिज्य शिकवतो. युनिटमधल्या पाचसहा मुली माझ्या विद्यार्थिनी होत्या. २०१३ च्या पावसाळ्यात मालकांनी मला हिशेब पाहायला बोलावले आणि पुढची दोन वर्षे मी त्या माडीवर जात राहिलो. त्यामुळे हे तिऱ्हाइताचे टिपण नाही.

पार्श्वभूमी

भारतात हे काम आले ते मोठ्या शहरांतून. १९९१ च्या उदारीकरणानंतर अमेरिकन एक्स्प्रेस, ब्रिटिश एअरवेज, जनरल इलेक्ट्रिक अशा कंपन्यांनी आपले हिशेब आणि कागदपत्रांचे काम दिल्ली, मुंबई, गुडगावकडे वळवले. १९९९ चे दूरसंचार धोरण आले, एप्रिल २००२ मध्ये परदेशी दूरध्वनीवरची विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली, आणि सातासमुद्रापलीकडचा फोन परवडू लागला. कॉल सेंटर हा शब्द मराठी घरांत शिरला तो याच सुमारास.

गोव्यात आयटी म्हटले की जमिनीचा वाद आठवतो. दोनापावलाचा आयटी हॅबिटॅट, म्हणजे आयटी कंपन्यांसाठी आखलेली वसाहत, वादात अडकला, २००७ च्या डिसेंबरअखेरीस सरकारने विशेष आर्थिक क्षेत्रे रद्द करण्याचे जाहीर केले. त्या सगळ्या गदारोळात दुकानांच्या माड्यांवर चाललेल्या दहा-वीस खुर्च्यांच्या युनिटांकडे कुणाचे लक्ष गेले नाही. मला वाटते, आपल्या तालुक्यांत आउटसोर्सिंग खऱ्या अर्थाने आले ते याच माड्यांवर.

आमचे युनिट मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनचे. तिथे सगळे त्याला ‘एमटी’ म्हणत. अमेरिकेतला डॉक्टर रोगी तपासून झाला की रेकॉर्डरवर बोलून ठेवतो: तक्रार काय, तपासणीत काय आढळले, औषध कोणते. ती फाइल इकडे येते, कानाला हेडफोन लावून मुलगी ती ऐकते आणि टाइप करते. पायाखाली शिवणयंत्रासारखे पेडल असते. दाबले की आवाज चालू, सोडले की थांबला, दुसऱ्या बाजूने दाबले की मागे. पैसे ओळीवर मिळतात, आणि एक ओळ म्हणजे ६५ अक्षरे, मधल्या मोकळ्या जागा धरून. ऐकू आले नाही तर अंदाजाने लिहायचे नाही, तिथे ब्लँक ठेवायची. औषधाच्या मात्रेत पंधराचे पन्नास झाले तर तिकडे माणूस जातो, हे पहिल्या दिवशी शिकवले जाई.

हे काम आमच्या गावांना मानवले त्याचे कारण घड्याळात होते. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा डिचोलीत पहाटेचे साडेतीन किंवा साडेचार झालेले असतात. डॉक्टरांचे दिवसाचे बोलणे रात्रीतून येऊन पडते आणि सकाळी नऊला मुली कदंबच्या बसने येऊन बसतात. संध्याकाळी सहाला घरी. रात्रपाळी नाही, परक्या माणसाशी फोनवर बोलणे नाही. मये, पिळगाव, साखळी या बाजूच्या घरांनी मुलींना पाठवले ते एवढ्यासाठीच.

या मुली बहुतेक मराठी प्राथमिक शाळेतून आलेल्या. इंग्रजी त्यांना लिहिता येई, बोलताना अडखळत. पण या कामात तोंडापेक्षा कान महत्त्वाचा. टेक्सासचा डॉक्टर, केरळातून तिकडे गेलेला डॉक्टर, गुजराती डॉक्टर, प्रत्येकाचे इंग्रजी निराळे. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर त्यांना आवाजावरून डॉक्टर ओळखू येत. क्यूए, म्हणजे टाइप झालेल्या मजकुराची तपासणी, पाहणाऱ्या पर्यवेक्षिका, ज्यांना सगळ्या ‘ताई’ म्हणत, २००४ च्या पहिल्या तुकडीतल्या. त्या म्हणत, “भजनाला बसलेल्या मुलीला सूर कुठे हलला ते कळतं. हे तसंच आहे.” हे सिद्ध करता येणार नाही. पण त्यांनी निवडलेल्या मुली टिकल्या, हे खरे.

अडचणीही होत्याच. पावसाळ्यात झाड पडले की वीज जाई आणि इंटरनेटही जाई. जनित्राचे डिझेल हा कायमचा खर्च. चवथीचा प्रश्न दरवर्षीचा: इथे गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची असते आणि तिकडे तो साधा कामाचा दिवस. पहिल्या वर्षी मालकांनी सुटी नाकारली, निम्म्या जणी आल्याच नाहीत, चोवीस तासांत परत द्यायच्या फाइली तीन दिवस पडून राहिल्या. पुढच्या वर्षी मुलींनीच तोड काढली. ज्यांच्या घरी दीड दिवसाचा गणपती त्यांनी तिसऱ्या दिवशी यायचे, पाच दिवसांवाल्यांनी नंतर, आणि नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेची थँक्सगिव्हिंगची सुटी असते तेव्हा सर्वांना भरपाई रजा. पुढे ज्या मोठ्या प्रसंगाविषयी लिहायचे आहे, त्याचे उत्तर या छोट्या गोष्टीत होते. मालकांना ते तेव्हा दिसले नाही, आणि मलाही नाही.

प्रश्न कसा उभा राहिला

फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. डॉक्टरांनी रोग्यांच्या नोंदी संगणकीय पद्धतीने ठेवाव्यात म्हणून सरकार पैसे देणार होते, आणि ते २०११ पासून मिळू लागले. डॉक्टर आता बोलून ठेवण्याऐवजी पडद्यावरच्या चौकटींवर खुणा करू लागला. जे अजून बोलत होते त्यांचे बोलणे आधी यंत्र टाइप करी आणि मुलींकडे ते फक्त दुरुस्तीला येई. त्याला दर निम्मा.

युनिटचे सुमारे चार पंचमांश काम एकाच मध्यस्थ कंपनीकडून येत होते. ओळी घटू लागल्या. पण मालकांच्या वहीत धोका दिसला नाही, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. २०११ च्या मध्यावर डॉलर साधारण ४५ रुपयांचा होता. २०१३ च्या ऑगस्टात तो ६८ पर्यंत जाऊन आला आणि वर्षअखेरीस ६० च्या पुढे स्थिरावला. ओळी पाव हिश्शाने घटल्या तरी ४५ चे ६० झाल्यावर रुपयांतला आकडा जिथल्या तिथे राहतो. मी हिशेब पाहायला बसलो तेव्हा पहिली गोष्ट केली ती ही, की रुपयांचा रकाना हाताने झाकला आणि नुसत्या ओळी वाचल्या. मालक बराच वेळ गप्प बसले.

त्याच काळात आमच्या पट्ट्यावर दुसरे संकट कोसळले होते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. ज्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगांनी लाल धूळ उडायची तो रस्ता ओस पडला. टिप्पर दारात उभे आणि बँकेचे हप्ते चालू. माडीवर काम करणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणींचे वडील नाहीतर भाऊ खाणीवर अवलंबून होते. जो पगार आतापर्यंत पोरीच्या लग्नासाठी बाजूला पडायचा, तो आता घरखर्चाला लागू लागला. युनिट बंद पडले असते तर दुसऱ्यांदा चूल विझली असती.

जून २०१३ मध्ये मध्यस्थ कंपनीचे पत्र आले: पुढच्या वर्षापासून टायपिंगचे काम टप्प्याटप्प्याने कमी होईल, हवे असल्यास कोडिंग किंवा विमा दाव्यांच्या पाठपुराव्याचे काम देऊ, पण तयारी तुमची तुम्ही करा. मालकांनी ते पत्र खणात ठेवले. मला दाखवले, ताईंना मात्र नाही. “मुली घाबरून सोडून जातील,” म्हणाले. मी तेव्हा मान डोलावली. या प्रकरणातला पहिला चुकीचा निर्णय तो, आणि त्यात माझाही वाटा आहे.

पर्याय

ऑगस्टात आम्ही तिघे बसलो: मालक, ताई आणि मी. ताईंना पत्राचे ठाऊक नव्हते, म्हणून चर्चा ‘धंदा वाढवायचा’ या नावाखाली झाली.

पहिला पर्याय होता एआर कॉलिंग. रुग्णालयाने विमा कंपनीकडे दावा पाठवला आणि तो नाकारला गेला, तर विमा कंपनीला फोन करून का नाकारला ते विचारायचे, चूक दुरुस्त करायची, पुन्हा पाठवायचा. दर चांगला. पण काम त्यांच्या दिवसा, म्हणजे आपल्या रात्री, आणि फोनवर बोलायचे. बेंगळुरूत डिसेंबर २००५ मध्ये आणि पुण्यात नोव्हेंबर २००७ मध्ये रात्रपाळीच्या तरुणींचे गाडीचालकांकडून खून झाले होते. आमच्या गावांत ते कुणी विसरले नव्हते. शिवाय बायकांच्या रात्रीच्या कामासाठी कामगार खात्याची परवानगी आणि फोनच्या कामासाठी दूरसंचार खात्याकडची ओएसपी नोंदणी, दोन्ही लागणार होते.

दुसरा पर्याय कोडिंग. डॉक्टरने लिहिलेल्या प्रत्येक निदानाला आणि उपचाराला ठरावीक अंक द्यायचे, त्यावरून विमा कंपनी पैसे देते. हे काम दिवसा करता येते आणि बोलावे लागत नाही. शिवाय अमेरिका तेव्हा अंकांच्या जुन्या यादीवरून, आयसीडी-९ वरून, नव्या आयसीडी-१० वर जाणार होती. जुन्या यादीत निदानांचे सुमारे १४ हजार अंक, नव्या यादीत सुमारे ६८ हजार. मनगटाजवळचे हाड एका विशिष्ट प्रकारे मोडले तर जुन्यात एकच अंक होता, ८१३.४१. नव्यात उजवा हात असेल तर एस ५२.५३१, डावा असेल तर एस ५२.५३२, आणि पुढे आणखी एक अक्षर, रोगी पहिल्यांदा आला की पुन्हा, हे सांगणारे. ठरलेली तारीख होती १ ऑक्टोबर २०१४. त्या दिवशी सगळ्या अमेरिकेला एकदम कोडर लागणार होते. दहा वर्षे शरीरशास्त्राचे शब्द ऐकलेल्या मुलींना हे जमेल, याविषयी ताईंना शंका नव्हती.

तिसरा पर्याय स्थानिक: जुने दस्तऐवज स्कॅन करून देण्याची कामे. पैसे कमी आणि उशिरा. त्यावर आम्ही फार वेळ घालवला नाही.

चौथा पर्याय चालून आला. एक दलाल शहरातून आला, म्हणाला, पूर्ण माडी द्या, भाडे आगाऊ, ‘टेक सपोर्ट’चे फोन आहेत. नीट विचारल्यावर कळले, परदेशातल्या म्हाताऱ्या माणसांना तुमचा संगणक बिघडला आहे असे सांगून पैसे घ्यायचे. मालकांनी चहा संपायच्या आत त्याला जिना दाखवला. त्या महिन्यात पगाराला पैसे जमवताना त्यांची काय तारांबळ उडाली होती ते मी पाहिले आहे, म्हणून या नकाराची किंमत मला माहीत आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये मीरा रोडच्या बनावट कॉल सेंटरांवर ठाणे पोलिसांनी धाडी घातल्या आणि शेकडो तरुण पोरे ताब्यात घेतली, तेव्हा मला तो चहाचा कप आठवला.

निवड कोडिंगची झाली.

काय केले

नोव्हेंबर २०१३ मध्ये प्रशिक्षण सुरू झाले. सोळा जणी निवडल्या. सकाळी नऊ ते एक टायपिंग, दुपारी कोडिंगचा वर्ग, हैदराबादहून ऑनलाइन शिकवणारे शिक्षक. शेवटी कोडरचा दाखला देणारी अमेरिकन संस्थेची सीपीसी परीक्षा: तेव्हा १५० प्रश्न, पाच तास चाळीस मिनिटे, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. पुस्तके जवळ ठेवायची मुभा असते, पण वेळ पुरत नाही. शुल्क डॉलरमध्ये, आणि डॉलर महागलेला. ते मालक भरणार होते.

इथे दुसरा कठीण निर्णय आला. शुल्क भरायचे तर मुलगी शिकून निघून गेली तर काय? मालकांनी दोन वर्षांचा बाँड पुढे केला. मुलींनी विचारले, आत्ताच एवढी घाई का? टायपिंग चालूच आहे ना? मालक म्हणाले, हो, चालूच राहील. खरे कारण खणात होते. चौघींनी सही नाकारली, आणि त्या चौघी तुकडीतल्या सर्वांत तयारीच्या होत्या. एकीचे वडील मला बाजारात भेटले. “मास्तर,” म्हणाले, “कर्जाच्या कागदावर सही करून मी टिप्पर घेतला, आता पोरीची सही कुठल्या कागदावर घेऊ?” माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्या घराने नुकताच एक कागद गळ्यात अडकलेला पाहिला, त्याला दुसरा कागद दाखवताना कारण तरी खरे सांगायला हवे होते.

उरलेल्या बारा जणी शिकत राहिल्या. आणि १ एप्रिल २०१४ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी एका कायद्यावर सही केली. तो मुख्यतः डॉक्टरांच्या मोबदल्याविषयी होता, पण त्यात एक कलम होते: आयसीडी-१० ची अंमलबजावणी १ ऑक्टोबर २०१५ पूर्वी करू नये. एका ओळीने आमचा सगळा हिशेब वर्षभर पुढे ढकलला. जी कंपनी ऑक्टोबरात काम देणार होती तिने कळवले, थांबा.

बारा अर्धशिक्षित कोडर, कोडिंगचे काम नाही, टायपिंग आटत चाललेले. मालकांनी त्या आठवड्यात घाबरून प्रशिक्षणाच्या तासांचे पैसे निम्मे केले आणि नोटीस लावली. दोघी बाँड मोडून गेल्या. मालकांनी वसुलीचा विचार केला, मग सोडून दिला. ते बरे केले.

त्या शुक्रवारी ताई आत आल्या आणि उभ्यानेच म्हणाल्या, “सर, आमच्यापासून काय लपवताय ते आज सांगा. नाहीतर सोमवारी मीही येत नाही.”

मालकांनी खण उघडला.

दहा महिने झाले होते पत्राला. शनिवारी सगळ्यांना बसवून ताईंनी ते वाचून दाखवले, मराठीतून. मला वाटले होते गोंधळ होईल. कुणालाही धक्का बसला नाही. बुधवार-गुरुवारपर्यंत आठवड्याच्या फाइली संपतात, कुठल्या डॉक्टरचे बोलणे बंद झाले, कुणाचे यंत्राकडून येते, हे त्या वर्षभर पाहत होत्या. एका मुलीने तर वहीत तारखा लिहून ठेवल्या होत्या: कुठला आवाज शेवटचा कधी ऐकला. माझ्या ओळींच्या रकान्यापेक्षा ती वही सहा महिने आधी बोलू लागली होती. कुणी विचारले नव्हते, म्हणून तिने सांगितले नव्हते.

त्या बैठकीतून जे निघाले त्याने युनिट वाचले. एकीने विचारले, विमा कंपन्यांचे फोन सकाळी किती वाजता चालू होतात? त्यांच्या पूर्व किनाऱ्यावर आठला. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच. मग पूर्ण रात्र कशाला बसायचे? साडेपाच ते साडेदहा बसू, त्यांची सकाळ तेवढी घेऊ. एआर कॉलिंग म्हणजे रात्रपाळी हे आम्ही तिघांनी गृहीत धरले होते. पाच तासांची संध्याकाळची पाळी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. आणि कोडिंगचे शिक्षण वाया गेले नव्हते: दावा का नाकारला हे कळायला अंक वाचता यावे लागतात.

गाडीचा प्रश्नही तिथेच सुटला. चालक बाहेरचा नको, तर गावातलाच घ्या. खाणीचे ट्रक चालवणारे हात रिकामेच होते. एकीचे काका आणि दुसरीचा थोरला भाऊ, दोघांना ठेवले. शेवटी उतरणारी मुलगी एकटी राहणार नाही असा मार्ग आखला. ज्या घरांनी ऑगस्टात रात्रीचे काम ऐकूनही घेतले नसते, त्यांतली काही घरे आता चालकाचे नाव ऐकून तयार झाली. सगळी नाही. २१ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून खाणबंदी उठवली, आणि दोन घरांतून निरोप आला की आता खाण सुरू होईल, पोरीला रात्री पाठवायची गरज नाही. प्रत्यक्षात खाणकाम पुन्हा सुरू व्हायला २०१५ उजाडले.

ओएसपी नोंदणीच्या कागदपत्रांत पावसाळा गेला. मधल्या काळात एका छोट्या दवाखान्याचे जुन्या अंकांचे कोडिंग कमी दरात घेतले, हात चालता राहावा म्हणून. फोनचे काम दिवाळीच्या तोंडावर सुरू झाले.

आणि पंधरवड्यात एक चूक उघडी पडली, जी मला अजून बोचते. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे तासभर मागे घेतात. आमचे साडेपाचचे साडेसहा झाले, आणि साडेदहाचे साडेअकरा. आम्हाला हे माहीत होते. दहा वर्षे फाइली त्याप्रमाणे उशिरा येतच होत्या. पण एप्रिलमध्ये घरोघरी शब्द देताना कुणाच्या तोंडून ते निघाले नाही. तिसऱ्या रात्री एका मुलीचे वडील माडी चढून आले आणि दारातच बसून राहिले, मुलगी उठेपर्यंत. भांडले नाहीत. ते बसणे भांडणापेक्षा जड होते. दुसऱ्या दिवशी ठरले: थंडीच्या महिन्यांत फोन पावणेअकराला बंद, राहिलेली पाऊण तासाची लिखापढी दुसऱ्या दिवशी फोन सुरू व्हायच्या आधी. कंपनीला कळवले. त्यांनी साधे ‘ठीक आहे’ असे उत्तर पाठवले. विचारले असते तर एप्रिलमध्येही हेच उत्तर आले असते.

परिणाम

१ ऑक्टोबर २०१५ ला नवे अंक लागू झाले. युनिटकडे तोवर नऊ तयार कोडर होत्या, त्यांना वर्षभर जुन्या अंकांचा आणि नाकारलेल्या दाव्यांचा सराव झालेला. काम आले आणि टिकले. २०१२ मध्ये माडीवर ३८ जण होते, २०१५ च्या अखेरीस २४: कोडिंगला नऊ, फोनवर नऊ, यंत्राच्या मजकुराची दुरुस्ती करायला सहा. उरलेल्या चौदांपैकी काही लग्न होऊन गेल्या, काहींनी शिक्षिकेची वाट धरली, काहींचा माग मला लागला नाही. हा आकडा मी यश म्हणून लिहीत नाही.

२०१६ मध्ये बाँड संपताच चौघी हैदराबाद आणि चेन्नईच्या मोठ्या कंपन्यांत गेल्या. मालक खट्टू झाले. मला मात्र आनंद झाला. आमच्या तालुक्यातल्या मराठी शाळेतून निघालेली मुलगी स्वतःच्या दाखल्यावर चेन्नईत नोकरी मिळवते, यात वाईट काय आहे?

फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यावर खाणी पुन्हा थांबल्या. या वेळी ज्या घरात कोडर होती त्या घराचा हप्ता चुकला नाही. २०२० च्या टाळेबंदीत काम घरून सुरू झाले, आणि तो निराळाच प्रश्न होता. रोग्याची माहिती कुणाच्या नजरेस पडता कामा नये हा अमेरिकेचा १९९६ चा कायदा, आणि घरात संगणक ठेवायला जागा एकच, ओसरी. ताईंनी प्रत्येक घरी व्हिडिओ कॉलने कोपरा पाहून ठरवला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ओएसपी नोंदणीची अट सरकारने काढून टाकली. जिच्यासाठी आमचा एक पावसाळा गेला होता ती.

वेगळे काय करता आले असते

पत्र आले त्या आठवड्यातच वाचून दाखवायला हवे होते. मालकांची भीती खोटी नव्हती, काही जणी गेल्याही असत्या. पण ज्या दोघी एप्रिलमध्ये नोटीस वाचून गेल्या त्या कामाला कंटाळून गेल्या नाहीत, फसवले गेल्यासारखे वाटून गेल्या. आणि संध्याकाळच्या पाळीची कल्पना दहा महिने आधी आली असती, तर ओएसपीचे कागद तारीख पुढे ढकलली जाण्याच्या आधीच तयार असते.

बाँडविषयी माझे मत मालकांशी आजही जुळत नाही. ते म्हणतात, बाँड नसता तर बाराही जणी परीक्षा होताच गेल्या असत्या. मी म्हणतो, शुल्क मुलीने निम्मे भरावे, पगारातून हळूहळू वळते करून घ्यावे, आणि सहीची सक्ती नसावी. ज्या चौघी सहीमुळे बाहेर राहिल्या, त्यांची किंमत कुठल्याच वहीत नोंदली गेली नाही.

एकाच कंपनीवर चार पंचमांश काम, ही गोष्ट २०१३ मध्ये सुधारण्याजोगी नव्हती. २००७ मध्ये होती. तेव्हा रुपया वधारून डॉलर ४४ वरून ४० च्या खाली आला होता, युनिटला चटका बसला होता, आणि दुसरा ग्राहक शोधायची गरज दिसली होती. पुढच्या वर्षी डॉलर चढला आणि तो विचार मागे पडला.

आजची स्थिती

माडीवर आता एकोणीस खुर्च्या आहेत. पेडले कपाटात बांधून ठेवली आहेत, ताईंनी ती टाकू दिली नाहीत.

काही महिन्यांपूर्वी पुन्हा पत्र आले. निदानावरून अंक आता सॉफ्टवेअर सुचवील, माणसाने ते तपासायचे, त्याचा दर निराळा, प्रयोगाला तयार आहात का? मालकांनी ते पत्र त्याच दिवशी छापून, शेजारी मराठीत मजकूर लिहून, फलकावर लावले आणि खाली कोरा कागद टाचला. मी संध्याकाळी गेलो तेव्हा त्या कागदावर सात प्रश्न होते. दर तासावर की दाव्यावर? यंत्राची चूक आमच्या नावावर धरणार का? शिकायचे तास भरून मिळणार का? शेवटचा प्रश्न ताईंच्या अक्षरात होता: प्रयोग नोव्हेंबरात असेल तर घड्याळ आधी कळवा.